कण्हायची परेड

उस्तादांच्या अंगणात ‘ठीक’ म्हणायला बंदी होती. पोस्टमन असो, सोयरेधायरे असोत, गॅसची टाकी खांद्यावरून उतरवणारा माणूस असो, ‘कसं काय?’ विचारल्यावर ज्याच्या तोंडून ‘ठीक आहे’ निघालं त्यानं अंगणातल्या मोसंबीच्या झाडाला पाणी घालायचं, हा दंड. धडधाकट माणसाला बादली. ज्याचं खरोखर काही दुखत असावं असा उस्तादांना संशय येई, त्याला तांब्या. जाफराबादच्या त्या टोकाला उन्हाळ्यात नळ कोरडे पडायचे, तेव्हासुद्धा ते झाड हिरवंगार असायचं. कुणी विचारलं, उस्ताद, खत कोणतं घालता? तर म्हणायचे, “फौजी माणसाचा खोटेपणा. याच्यासारखं खत बाजारात न्हाई.”

फौजेत नव्या पोरांना कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. यांची बहुतेक नोकरी एका ट्रेनिंग सेंटरच्या मैदानावर गेली. निवृत्त झाले ते सुभेदार म्हणून, पण कुणी सुभेदारसाहेब म्हटलेलं त्यांना खपत नसे. “साहेब गल्लोगल्ली हायेत,” म्हणायचे. “उस्ताद म्हणा.” उंच, काटक माणूस. मिशा पांढऱ्या झालेल्या, पण टोकं अजून वळवलेली. घरात लुंगी-बनियनवर असले तरी चपलांना पॉलिश. काखेत वेताची छडी, गळ्यात शिट्टी. दारातल्या म्हशीलासुद्धा ते हिंदीत हुकूम सोडायचे, “पीछे मुड!” म्हैस काही मुडायची नाही. अख्ख्या जाफराबादेत आपला हुकूम न मानणारी ती एकटीच, असं ते स्वतःच सांगायचे आणि वर तिच्या पाठीवर थाप मारायचे.

माणूस भेटला की आपण राम राम म्हणतो. उस्ताद म्हणायचे, “बोला, कुठं दुखतंय?” जागा, वेळ, काही बघायचे नाहीत. वाटूरला एका लग्नात वरात निघायच्या ऐन वेळी त्यांनी नवरदेवाला हेच विचारलं. नवरदेव बिचारा सकाळपासून हसून हसून थकलेला. तो म्हणाला, “बुटात.” नवे कोरे बूट टाचेला लागत होते. उस्तादांनी त्याला तिथंच खुर्चीवर बसवलं, बूट काढायला लावले आणि नवरदेव अनवाणी घोड्यावर चढला. मुलीकडच्यांना वाटलं काही नवस असेल. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं श्रद्धेनं त्याच्या पायाही पडून घेतलं.

मला हा माणूस सुरुवातीला मुळीच आवडला नव्हता. आवाज फार. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. बाईमाणसाशी बोलतानाही मैदानावर बोलल्यासारखं बोलायचं. पण आमच्यावर वेळच अशी आली होती की आवडीनिवडीला जागा नव्हती.

आमचे हे फौजेत नाईक होते. आमचं गाव केदारखेड्याच्या जवळ. लग्नानंतरची बरीच वर्षं हे तिकडे बर्फात आणि मी इकडे शिलाई मशीनवर. बर्फातल्या एका चौकीवर ट्रकमधून रेशनची पेटी उतरवताना यांचा पाय घसरला, हे खाली आणि पेटी वर. कंबर गेली. दवाखान्यात पडून राहिले, मग पुन्हा पलटणीत गेले, उरलेली नोकरी दात-ओठ खाऊन काढली. निवृत्तीच्या वेळी नियमाप्रमाणे डॉक्टरांचं बोर्ड बसलं. नोकरीत आलेलं अपंगत्व असेल तर ते बोर्ड बघतं आणि त्याप्रमाणे जास्तीची पेन्शन मिळते. डॉक्टरांनी यांना विचारलं, “कोई तकलीफ?”

हे म्हणाले, “नहीं साब, ठीक हूं.”

मी नंतर विचारलं, “अहो, असं का म्हणालात?”

“साहेब समोर होते,” हे म्हणाले.

डॉक्टरांनी तेच लिहिलं जे यांनी सांगितलं. मग जेव्हा कंबर उठू देईना, पाय बधिर पडायला लागला आणि यांनी अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की निवृत्तीच्या वेळी तुम्हाला काही त्रास नव्हता. चूक कुणाची म्हणायची? खोटं तर आमच्याच माणसानं सांगितलं होतं, तेही सावधानमध्ये उभं राहून.

घरात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. हे बुटाचा तस्मा सोडायचेच नाहीत. तस्मा म्हणजे बुटाची नाडी, यांचा फौजेतला शब्द. एकदा कुणाकडून तरी सैल बांधून घेतलेला असायचा आणि हे त्यात पाय सरकवायचे. ज्या माणसाचे बूट आरशासारखे चमकायचे, तो शेवटी स्लिपरवर आला. जेवायला खाली बसणं बंद. एका कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमनचं काम धरलं, पण उभं राहवेना म्हणून सोडलं. मग गावात सुरू झालं. फौजी आयतं बसून खातो. फौजीला कामाची लाज वाटते. माझ्या जावेनं तर माझ्यासमोर म्हटलं, “भाऊजीला काय झालंय? चांगले ताठ चालतात की.” ताठ चालत होते, कारण वाकता येत नव्हतं. पण हे सांगणार कोण? यांना कुणी विचारलं की यांचं ठरलेलं, “मजेत.”

पैसा मिळाला असता तर हवाच होता, खोटं कशाला बोलू? पण मला त्याहून जास्त दुसरं हवं होतं. सरकारनं एकदा लिहून द्यावं की हा माणूस आळशी नाही. याची कंबर याच्या नोकरीनं मोडली. तो कागद मी जावेच्या दारावर चिकटवणार होते.

अपील केलं. बरेच दिवस गेले आणि एकदाचं अपील मान्य झालं. पुन्हा बोर्ड बसणार होतं. सैनिक कार्यालयातले गृहस्थ भले होते, सगळे कागद त्यांनी नीट लावून दिले. पण देताना म्हणाले, “वहिनी, कागद पक्के आहेत. आता तुमचे साहेब तिथं जाऊन पुन्हा ठीक म्हणाले तर मात्र माझ्या हातात काही नाही. यांना जाफराबादला उस्तादांकडे घेऊन जा.”

असं आम्ही त्या अंगणात पहिल्यांदा पाऊल टाकलं. रविवारची सकाळ. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि त्यांवर आजूबाजूच्या गावांतले म्हातारे, अर्धे म्हातारे फौजी बसलेले. कुणाचा गुडघा, कुणाचे कान, कुणाची बोटं थंडीनं गेलेली. उस्तादांनी आम्हाला बघितलं. “बोला जवान, कुठं दुखतंय?”

“काही न्हाई उस्ताद, ठीक हाय.”

सगळं अंगण हसलं. उस्तादांनी छडीनं मोसंबीकडे दाखवलं. “तांब्या घ्या.”

मग त्यांनी शिट्टी मारली आणि परेड सुरू झाली. गावातले लोक हिला कण्हायची परेड म्हणून हसायचे. उस्ताद ओळीसमोर उभे राहिले आणि एकदम मैदानावरच्या आवाजात ओरडले, “कोई तकलीफ?”

आणि ती सगळी माणसं, गुडघे गेलेली, कान गेलेली, बोटं गेलेली, एका आवाजात गरजली, “नहीं उस्ताद!”

मी तोंडाला पदर लावला. उस्तादांनी कपाळाला हात लावला. “हे बघा ताई,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “हे माझंच पीक हाय. आम्हीच शिकवलं ह्यांना. लई मेहनतीनं शिकवलं. आता उपटून राह्यलो.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कागद बरोबर असतो, डॉक्टरही बरोबर असतो, माणूसच चुकतो. म्हणून ते फक्त माणूस दुरुस्त करायचे. प्रत्येकाला उभं करून तीनच गोष्टी विचारायचे. कुठं? कवापासून? काय करता येत नाही? उत्तर खणखणीत हवं. ‘जरा’ चालायचं नाही. आमचे हे म्हणाले, “कमरेत जरा असं होतं.” उस्ताद म्हणाले, “जरा कोण हाय? हजेरीत ह्या नावाचा जवान न्हाई.” ‘थोडंफार’ चालायचं नाही. ‘वयामानानं’ म्हणणाऱ्याला तर बादलीच मिळायची.

आणि एक गोष्ट त्याहून कडक होती. वाढवून सांगितलेलंही चालायचं नाही. भोकरदनकडचा एक जण दोन रविवार आला. चालताना लंगडायचा, बसताना अयाई करायचा, आवाज तर असा काढायचा की काकूंनी त्याला हळदीचं दूध करून आणलं. काकू म्हणजे उस्तादांच्या घरच्या. उस्ताद मात्र त्याला नुसते निरखत राहिले. परेड संपल्यावर सगळे चहा पीत असताना त्यांनी अचानक शिट्टी मारली आणि हुकूम सोडला, “दौड के चल!” जुनी सवय. जो तो जागचा उठू लागला, कण्हत, खुर्चीचा हात धरत. हा गडी मात्र टुणकन उठून फाटकापर्यंत पळत गेला. तिथं पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. उस्ताद हळूच म्हणाले, “तसंच पुढं जायचं. भोकरदनची जीप उभी हाय.” तो गेला तो पुन्हा आला नाही. मग उस्ताद बाकीच्यांकडे वळले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. खूप दुखावलेला चेहरा होता. “हे असे लोक तुमची खरी कंबर खोटी पाडतात,” ते म्हणाले. “जेवढं हाय तेवढं सांगा. गुंजभर जास्त न्हाई, गुंजभर कमी न्हाई. कमी सांगणारा बी खोटाच.”

त्या दिवसापासून मला उस्ताद आवडायला लागले.

त्यांना स्वतःला मात्र कुणी विचारायची सोय नव्हती. एकदा कुणीतरी धीर करून म्हटलं, “उस्ताद, आन तुमचं कुठं दुखतं?” तर लगेच शिट्टी वाजली. “उस्ताद को सवाल नहीं!” काकू स्वयंपाकघराच्या दारातून हसल्या. “हे असंच,” त्या मला म्हणाल्या. “साऱ्या जगाला इचारतात. घरात इचारायचं राहूनच गेलं.” असं म्हणून पुन्हा चहाचं आधण ठेवायला आत गेल्या, भिंतीला हात लावत लावत.

उस्ताद आता नाहीत. ते गेले तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. अंगण माणसांनी भरलेलं, आणि येणारी प्रत्येक बाई रीतीप्रमाणे काकूंचा हात धरून म्हणत होती, “धीर धरा, सावरा, ठीक हायत ना?” काकूंनी एकीचा हात बाजूला केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “न्हाई. ठीक न्हाई. इथं दुखतंय, काल सकाळपासून, आन मला श्वास घेता येत न्हाई.” तीनही उत्तरं बरोबर क्रमानं. अंगणात उभे असलेले फौजी म्हाताऱ्या बायांसारखे रडले. पण काकू हे कुठं शिकल्या, ते सांगायला मला मागे जावं लागेल.

आमचे हे परेडमध्ये नापास होत राहिले. रविवारमागून रविवार. घरून जाताना जीपमध्ये घोकायचे आणि अंगणात उभं राहिलं की पुन्हा ‘ठीक हाय’. शेवटी उस्तादांनाच सुचलं. “ह्याला मराठीत इचारू नका,” ते म्हणाले. “मराठीत हा घरचा माणूस हाय, लाजतो. जे फौजेत बांधलं ते फौजेच्याच बोलीत सुटंल.” मग त्यांनी यांना भिंतीपाशी उभं केलं, स्वतः अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि गरजले, “जवान! कोई तकलीफ?”

यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठ हलले. आवाज आला नाही. पण ‘नहीं’ही आलं नाही. उस्तादांनी त्या दिवशी तेवढ्यावर सोडलं. आत जाऊन काकूंना म्हणाले, “आज ह्याला गूळ द्या.”

बोर्डाच्या दिवशी उस्ताद आमच्याबरोबर छावणीतल्या लष्करी दवाखान्यात आले. इस्त्री केलेला सदरा, छाती काढलेली, छडी मात्र घरी. आदल्या दिवशी त्यांनी यांना एकच काम दिलं होतं, बूट घालून यायचं आणि तस्मा बांधायचा नाही. हे आत गेले तेव्हा ते सुटे तस्मे फरशीवर घासत होते. मला ते बघवलं नाही. दार लागलं. आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, मी या टोकाला आणि ते त्या टोकाला.

माझा उजवा हात बधिर झाला होता. कात्री धरून धरून तो मधूनमधून असा व्हायचा. मी तो झटकला. उस्तादांनी ते बघितलं. मग दाराकडे बघतच बोलायला लागले.

“एक पोरगं होतं ताई. आपल्याच भागातलं, पातळसं. माझ्या हाताखाली आल्तं. दौडीत मागं पडायला लागलं. मी इचारलं, कोई तकलीफ? पोरगं म्हणलं, नहीं उस्ताद. आवाज काय होता त्याचा! सारं मैदान घुमलं. मी साऱ्या पलटणीसमोर त्याला शाबासकी दिली. म्हणलं, आवाज असा पायजे. आवाज नंबर एक.” त्यांनी स्वतःच्या नडगीवरून हात फिरवला. “नळीचं हाड चिरलेलं होतं. तसंच पळत राह्यलं ते पोरगं, माझ्या शाबासकीवर. एका सकाळी मोडलं. घरी धाडलं त्याला. हाती काहीच आलं न्हाई त्याच्या, कारण तकलीफ त्यानं कुणालाच सांगितलेली न्हवती. सांगितली असती तर मीच म्हणलो असतो, रडतं कशाला.”

मी म्हणाले, “तुम्हाला कुठं दुखतं उस्ताद?”

मला वाटलं आता शिट्टी मारल्यासारखं काही ओरडतील. पण ते म्हणाले, “तिथं. तवापासून. आन झोपता येत न्हाई.”

आतून काही ऐकू येत नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज. कागद. डॉक्टरांचा बारीक, शांत आवाज. मी देवाचं नाव घेत होते, पण खरं सांगायचं तर देवाला म्हणत नव्हते, यांनाच म्हणत होते, एकदा बोला हो, एकदा. आणि तेवढ्यात व्हरांडा हादरला.

“दर्द है साब! कमर में! बरफ में गिरा तब से!”

पलीकडच्या खोलीतून एक सिस्टर धावत बाहेर आली. पहारेकरी वळून बघायला लागला.

“बूट का तस्मा नहीं बाँध सकता साब!”

मी लग्नाच्या इतक्या वर्षांत यांचा तो आवाज ऐकला नव्हता. पदर तोंडात कोंबून रडत होते. बाजूला बघते तर उस्ताद उठून उभे राहिले होते, बंद दारासमोर, कडक सावधान. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही, सावधानमध्ये हात हलवत नाहीत. बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, “आवाज नंबर एक.” आणि बसले.

हे बाहेर आले ते घामानं भिजलेले. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? हे म्हणाले, “बाईसाहेब होत्या. म्हणाल्या, हळू बोला, मी समोरच आहे. आन मंग उठून त्यांनीच माझा तस्मा बांधला.” एवढं सांगून हे भिंतीला टेकले. उस्तादांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही तिघं एसटी स्टँडवर जाऊन रसाच्या गाडीवर उसाचा रस प्यालो.

मंजुरीचा कागद यायला वेळ लागला, पण आला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की हे अपंगत्व नोकरीमुळेच आलेलं आहे. हे तो कागद हातात घेऊन ओसरीवर बसून राहिले. मी तो जावेच्या दारावर चिकटवला नाही. तिला नुसता वाचून दाखवला, मराठीत, सावकाश. त्यानंतर तिच्याकडे जेवायला गेलो की ती यांच्यासाठी पाट मांडायचा सोडून खुर्ची मांडायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पेढे घेऊन जाफराबादला गेलो. परेड नुकतीच सुटलेली, माणसं पांगायला लागलेली. उस्तादांनी पेढा तोंडात टाकला, यांना छातीशी धरलं, म्हशीलासुद्धा एक पेढा दिला. मग माझ्याकडे वळले.

“बोला ताई, कुठं दुखतंय?”

मी हसले. “माझं काय उस्ताद, मी ठीक आहे.”

बोलले आणि जीभ चावली. पण उस्ताद हसले नाहीत. त्यांनी मोसंबीकडे बोट दाखवलं. “तांब्या.”

तांब्या. बादली नाही. माझ्या ते लक्षात आलं, यांच्याही आलं. मी रांजणातून तांब्या भरला, दोन पावलं गेले आणि उजवा हात बधिर झाला. तांब्या हातातून सुटला. पाणी माझ्या पायावर, तांब्या घरंगळत म्हशीपाशी. मी पटकन म्हणाले, “काही न्हाई, निसटला.” आणि वर बघते तर हे माझ्यासमोर उभे. छाती काढून, ताठ. यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला हसू येईना.

“कुठं?” यांनी विचारलं.

“अहो, काय हे लोकांत...”

“कुठं?”

“हाताला,” मी म्हणाले.

“कवापासून?”

“तुम्ही बर्फात होता तेव्हापासून.”

यांचा आवाज आता फुटायला लागला. “काय करता येत न्हाई?”

मी कधी कुणाला हे सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांना तर नाहीच, पोटाची गोष्ट होती. ब्लाऊज उशिरा का झाला म्हणून बायका बोलायच्या, ते मी ऐकून घ्यायचे. “सुईत दोरा ओवता येत न्हाई,” मी म्हणाले.

“ऐकू आलं न्हाई,” उस्ताद मागून म्हणाले, पण किती हळू म्हणाले ते! “पुन्हा.”

“सुईत दोरा ओवता येत न्हाई!” मी ओरडले. अंगणात माझाच आवाज घुमला आणि मग मी तिथंच ओल्या मातीत बसून रडले. हे शेजारी बसू शकत नव्हते, वाकताच येत नव्हतं, म्हणून नुसता डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. काकू होत्या. चौकट धरून उभ्या. त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“माझे गुडघे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही रिटायर होऊन घरी आल्ते तवापासून. आन चुलीपासून उठता येत न्हाई.”

उस्ताद काकूंकडे बघत राहिले. काकूंनी चौकट सोडली नाही आणि नजरही काढली नाही. मला वाटलं आता शिट्टी वाजेल.

उस्तादांनी गळ्यातली शिट्टी काढून खुर्चीवर ठेवली. छडी तिच्याशेजारी ठेवली. मग रांजणापाशी गेले, बादली घेतली, काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी उचलून मोसंबीकडे चालायला लागले.